अंग बाहेर येतंय? ऑपरेशनच्या आधी खर्चाचा हिशेब

खोकला आला की लघवी सुटते. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी खाली जड वाटतं, काहीतरी बाहेर आल्यासारखं हाताला लागतं. कित्येक बायका हे वर्षानुवर्षं फडक्याची घडी घालून निभावतात आणि कोणाला सांगत नाहीत. लाज असतेच, पण त्याहून मोठी भीती पैशांची असते. ‘ऑपरेशन सांगतील, लाखभर रुपये कुठून आणायचे?’ खरं तर या दुखण्यावरचे पहिले दोन उपाय काही हजारांत होतात. ते न सांगताच कोणी थेट गर्भाची पिशवी काढायची तारीख देत असेल, तर जरा थांबा.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि बंधांची एक झोळी असते. बाळंतपणं, वाढतं वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, डोक्यावरची ओझी यांनी ती सैल पडते. मग गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय खाली उतरतं. हे निदान तपासणीच्या टेबलावर, खोकायला किंवा कुंथायला सांगून होतं. त्यासाठी एमआरआय सहसा लागत नाही. शहरात स्त्रीरोगतज्ज्ञांची फी साधारण ५०० ते १५०० रुपये असते, लघवीची तपासणी शंभर-दोनशेत होते आणि सोनोग्राफीला हजार-दोन हजार लागतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे त्यांचे दर लागतात. मूत्राशयाचं काम पाहणारी युरोडायनॅमिक तपासणी काही हजारांची असते. फक्त खोकल्या-शिंकेसरशी लघवी गळत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी तिची गरज नसते. कोणी लिहून दिली, तर कशासाठी ते विचारा.

पहिला खर्च व्यायामावर करा. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा व्यायाम फुकट आहे, पण पुष्कळ जणी तो चुकीचा करतात. आत ओढून घेण्याऐवजी खाली जोर लावतात आणि दुखणं वाढवतात. म्हणून या कामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे चार-सहा वेळा तरी जा. एका वेळचे ५०० ते १२०० रुपये धरले, तर सारं साधारण दोन ते सात हजारांत बसतं. एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, लघवी गळत असेल तर सलग ३ महिने. अंग थोडंच उतरलं असेल तर ४ महिने. पूर्ण बाहेर आलेलं अंग मात्र व्यायामाने परत जात नाही, हेही माहीत असू द्या.

दुसरा उपाय म्हणजे पेसरी. ही योनीत बसवायची कडी अंगाला आधार देते. साधी कडी काही शेकड्यांत मिळते, सिलिकॉनची साधारण हजार ते तीन हजारांत. माप डॉक्टरच घेतात, एका भेटीत नीट बसेलच असं नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही किंवा अजून मूल हवं आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. ठरल्या वेळी धुणं आणि तपासणी चुकवू नका. विसरून राहिलेल्या कडीने आत जखमा होतात.

आता ऑपरेशन. एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे: पिशवी काढली म्हणजे झोळी शिवली असं होत नाही. आधार नीट बांधला नाही, तर पिशवी नसलेल्या बाईचीही योनी खाली येते. तेव्हा ‘पिशवी काढणार’ एवढ्यावर समाधान मानू नका, ‘आधार कसा देणार?’ हे विचारा. पिशवी ठेवूनही दुरुस्ती होते. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी तरुण स्त्रियांसाठी तशीच शस्त्रक्रिया घडवली होती. सर्जनने या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, वर्षात अशी किती ऑपरेशनं करतात, हेही विचारा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना ५ वर्षांत ३० क्रेडिट तास शिक्षण घ्यावं लागतं, पण तेवढ्यावरून याच विषयाचा सराव आहे असं धरता येत नाही.

खासगीत योनीमार्गे ऑपरेशन आणि दुरुस्तीला शहर व खोलीप्रमाणे साधारण ५० हजार ते दीड लाख लागतात. अंदाजपत्रक सुटं करून मागा: सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खोली, औषधं, तपासण्या. लघवी गळण्यासाठी मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायची असेल, तर तिची किंमत वेगळी लिहून घ्या. योनीमार्गे बसवायच्या जाळीचा खर्च सांगितला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. अंग उतरण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची असते, ती आधी वाचा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. कोणतं ऑपरेशन कुठे बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर भरती होण्याआधी विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. खासगी विम्यात पिशवी काढण्याला बहुधा २ वर्षांची प्रतीक्षा असते.

हिशेबात एक रक्कम हमखास राहते. ऑपरेशननंतर सुमारे दीड महिना जड उचलायचं नाही. हंडा, धान्याचं पोतं, कडेवरचं नातवंड, काहीच नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईसाठी ही ४०-४५ दिवसांची मजुरी आहे. तारीख घेण्याआधी तेवढे पैसे बाजूला काढा आणि पाणी कोण भरणार, ते घरात बसून ठरवा.