फ्यूज उडाला की आधी वायर बघा

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून गाडीच्या वायरिंगला कुणी घाबरत नाही. पण चार्ज बॅटरीच्या दोन टोकांत सरळ तार पडली, तर शेकडो अँपिअर करंट जातो आणि तार बघता बघता लाल होते.

मी मोटर रिवाइंडिंगचं आणि पॅनलचं काम करतो. एकदा कराडहून चिपळूणकडच्या एका कारखान्याची पाच एचपीची मोटर पोचवायला भाड्याच्या पिकअपने निघालो होतो. कुंभार्ली घाटात अंधार पडला. आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, मग स्टीअरिंगखालून धूर. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चावी काढली, तरी धूर थांबेना. त्या गाडीत हेडलाइटचा करंट चावीच्या स्विचमधून जातच नव्हता. मी बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल सोडवली, तेव्हा कुठे थांबला.

टॉर्च लावून फ्यूज बॉक्स उघडला. हेडलाइटच्या जागी फ्यूज नव्हताच, तांब्याच्या तारेचा पीळ कोंबलेला होता. शेजारचे दोन फ्यूज प्लॅस्टिकसकट वितळून त्याला चिकटले होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, फ्यूज रोज उडायचा, म्हणून तार टाकली."

रोज का उडायचा? कंपनीचे दिवे ६० वॅटचे. दोन्हींचे मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. याने १०० वॅटचे बल्ब बसवले होते. करंट गेला १७ अँपिअरच्या घरात. वायर तीच जुनी. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट झाली. फ्यूजचा आकडा बल्बच्या जिवासाठी नसतो, तो ठरतो वायरच्या जाडीवर. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लालच्या जागी पिवळा लावला की फ्यूजच्या आधी वायर जळू शकते.

जास्त वॅटचे दिवे, मोठा हॉर्न असं काही लावायचंच असेल तर रिले घालून लावा. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या. जुना स्विच फक्त तेवढी कॉइल ओढतो, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंटवर. जड करंट बॅटरीतून जाड वायरने ३० वर येतो आणि ८७ मधून दिव्याकडे जातो. पण शॉर्ट झाला तर रिले स्वतःहून काही तोडत नाही. त्या जाड वायरला स्वतंत्र फ्यूज हवाच, तोही बॅटरीला लागून. फ्यूज लांब बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहते.

उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरा. आतली पट्टी मध्येच वितळून तुटली असेल तर बहुधा ओव्हरलोड. आतून काच किंवा प्लॅस्टिक काळं झालं असेल, धातूचे शिंतोडे असतील, तर शॉर्ट. शॉर्ट शोधायला फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि त्या सर्किटचे दिवे, मोटर असा सगळा लोड काढून ठेवा. बल्ब लखलखीत पेटला तर शॉर्ट अजून आहे; वायर जळणार नाही, कारण बल्ब करंट दोन अँपिअरच्या आत धरतो. मग हार्नेस हलवत जा. दाराच्या बिजागरीपाशी, चासीच्या क्लॅम्पखाली, उंदरांनी कुरतडलेल्या जागी हात लागला आणि बल्ब विझला, की दोष तिथेच.

पिकअपमध्ये मागे ठेवलेल्या मोटरीची गोष्टही फार वेगळी नव्हती. दुरुस्तीला उघडली तेव्हा एका फेजची वेटोळी कोळसा झाली होती, बाकीची दोन तांबूस, चकचकीत. डेल्टा जोडणीत असं दिसलं की सिंगल फेजिंग. एका फेजचा एचआरसी फ्यूज उडाला होता आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहिली. नेमप्लेटवर ७.५ अँपिअर, अशा वेळी लोड तोच राहिला तर करंट साधारण १.७३ पट, म्हणजे १३ पर्यंत जातो. मोटर सुरू होतानाच सहापट करंट ओढते. तो झेलायचा म्हणून फ्यूज मोठाच ठेवावा लागतो, आणि १३ अँपिअरला तो ढिम्म हलत नाही. हे काम ओव्हरलोड रिलेचं. त्यातल्या दोन धातूंच्या पट्ट्या तापून वाकतात, कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वाट तोडतात आणि मोटर बंद होते. इथे मात्र रिले सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी स्क्रू ड्रायव्हरने डायल शेवटच्या १० वर नेऊन ठेवला होता. रिलेचा निर्णय लांबला, तोवर वार्निश जळलं.

मोटर सरळ लाइनवर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरमध्ये डायलचा आकडा नेमप्लेटइतकाच ठेवायचा. स्टार-डेल्टात रिले फेजच्या वायरीत असेल तर त्याच्या ०.५८ पट. रिले ट्रिप झाला की लगेच रीसेटचं बटण दाबू नये. मेन बंद करून तिन्ही फ्यूज मीटरने तपासावेत, कारण उडालेला एचआरसी बाहेरून अनेकदा धडधाकट दिसतो. बेअरिंग जाम आहे का ते शाफ्ट हाताने फिरवून बघावं. मग मोटर चालवून तिन्ही फेजला आळीपाळीने क्लॅम्प मीटर लावावा. आकड्यांत ठळक फरक दिसला, तर कारण सापडेपर्यंत मोटर बंदच ठेवावी, ऑर्डर कितीही तुंबलेली असो.