घरी सांगू नका, मॅडम

बाळापुरातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या माय-बापांशी मला आज बोलायचं आहे. ज्यांचं लेकरू येत्या सप्टेंबरात परदेशी शिकायला निघणार आहे किंवा निघून गेलं आहे, त्यांच्याशी विशेष. मी इथं शाळेत शिकवते. माझ्या वर्गातून गेलेली काही मुलं-मुली आज बाहेरच्या देशांत आहेत. सणावाराला, निकालाला, कधी उगाचच त्यांचे फोन येतात. बोलणं संपत आलं की त्यांतली बरीच जण एकच गोष्ट बजावतात, "मॅडम, घरी सांगू नका बरं."

हे ऐकलं की माझा जीव तुटतो. न सांगण्यासारखं त्यात असतं तरी काय? एक पेपर गेलेला असतो. तापानं चार दिवस खोलीत एकट्यानं काढलेले असतात. एखाद्या पोरीला नोव्हेंबरपासून सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नसतं. यात लाजेचं काही नाही. तरी ते घरापर्यंत पोचत नाही. घरी रोज फोन होतो. "जेवला का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." "काहून रे, आवाज असा काहून येऊन राह्यला?" "काही नाही आई, सर्दी झाली."

माझं मागणं तुमच्याकडे एकच आहे. वाईट बातमी सांगायला लेकराला पहिलं ठिकाण आपलं घर वाटलं पाहिजे. ते तसं का वाटत नाही, हे समजायचं तर तिथला दिवस कसा जातो ते आधी कळायला हवं. माझ्याकडे येणारे पालक बहुतेक जर्मनीचं विचारतात, म्हणून तिथलंच सांगते.

तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे महालक्ष्म्या उठल्या, की पोरगं बॅगा भरतं. कुरड्या, पापड, तिखट, शेगावहून आणलेला अंगारा, सगळं तुम्ही देता. पण पहिले दोन महिने जातात ते कागदांत. आधी राहायला खोली मिळवायची, आणि मोठ्या शहरांत तीच मिळता मिळत नाही. खोली मिळाली की साधारण दोन आठवड्यांत शहराच्या कचेरीत पत्त्याची नोंद करायची. मग आरोग्यविमा, बँक, विद्यापीठाची नोंदणी, राहण्याचा परवाना. प्रत्येक ठिकाणी आधी वेळ ठरवून जायचं, आणि पत्र येतं ते जर्मनमध्ये. आपल्याकडे अशा कामाला काका सोबत येतात, ओळखीचा कारकून निघतो. तिथं ते लेकरू एकटं असतं, आणि याच दिवसांत वर्ग सुरू झालेले असतात.

त्यातच दिवस लहान होत जातो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वावरात उभं राहिलेलं आपलं शरीर. ऊन म्हटलं की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. डिसेंबरात तिथं चार-साडेचारला अंधार पडतो आणि आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. तुमची जेवणं आटोपून तुम्ही रात्री नऊला फोन लावता, तेव्हा तिथं दुपारचे साडेचार वाजलेले असतात, बाहेर काळोख असतो आणि पोरगी ग्रंथालयात नाहीतर कामावर असते. ती फोन कापते. तुम्हाला वाटतं, पोरगी बदलली. बदललेली नसते. उजेड कमी झाला की माणसाचं मनही मंदावतं, हे तिथले डॉक्टरही मानतात आणि त्यावर उपचार करतात. अशा वेळी "तुले काय कमी आहे तिथं?" हा प्रश्न तिच्यावर फार जड पडतो.

घरातलं वागणं शिकायला आणखी वेळ लागतो. चार-पाच जणांचं एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. शेजारच्या कप्प्यात डुकराचं मांस असतं, आणि शाकाहारी घरातलं लेकरू असो की फक्त हलाल खाणारं, पहिल्या दिवशी दोघांच्याही घशाखाली घास उतरत नाही. बाळापुरात दोन्ही घरं शेजारी-शेजारी आहेत, म्हणून दोघांचंही सांगितलं. मिरचीची फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. रात्री दहानंतर मिक्सर चालत नाही. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सामान आणायला विसरलं की सोमवारपर्यंत पाव खायचा. सोबतचे जर्मन सभ्य असतात, पण "चल, जेवायला बस" असं कुणी म्हणत नाही. तो त्यांचा तुसडेपणा नसतो, दुसऱ्याच्या वेळेत शिरू नये अशी त्यांची रीत असते. हे उमगायला आपल्या मुलांना एक अख्खा हिवाळा लागतो. तोवर त्यांना वाटत राहतं की आपल्यालाच कुणी विचारत नाही.

वर्गातली तऱ्हाही वेगळी. हजेरी बहुतेक नसते. वर्षभराच्या चाचण्या नसतात, सत्राच्या शेवटी एकच परीक्षा. प्राध्यापक विचारतात, "तुमचं मत काय?" आपल्या इकडे मोठ्यांसमोर गप्प बसणं हा गुण मानतात, तिथं गप्प बसलेल्याला विषय कळलेला नाही असं धरतात. पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं आणि कुठून घेतलं ते लिहिलं नाही, तर ती चोरी ठरते. गुणांचा क्रमही उलटा आहे. १.० सर्वांत चांगला, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. दहावीला नव्वदच्या वर गेलेलं आपलं पोर पहिल्या सत्रात ३.७ घेऊन येतं, आणि तुम्हाला काय सांगावं ते त्याला कळत नाही.

आता जी गोष्ट सांगते ती नीट ऐका, कारण सारं पाणी इथंच मुरतं. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत सक्तीचा पेपर देण्याच्या संधी मोजक्या असतात, सहसा तीन. तिन्ही गेल्या तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेता येत नाही. नाव कमी झालं की शिक्षणासाठीचा राहण्याचा परवानाही अडचणीत येतो. पहिल्यांदा पेपर गेला तेव्हाच कुणाशी बोललं, तर वाटा पुष्कळ असतात. पुढच्या सत्रात विषय कमी घेता येतात, विद्यापीठाच्या सल्लागाराला भेटता येतं, कामाचे तास कमी करता येतात. पण घरी सांगायचं नाही म्हणून पोरगं कुणालाच सांगत नाही. एकटंच दुसऱ्यांदा बसतं, तिसऱ्यांदा बसतं, आणि फोनवर "चालू आहे" म्हणत राहतं. पहिल्या नापासाची बातमी घरी आली असती तर पुढचं बरंच टळलं असतं, अशी मुलं मी पाहिली आहेत.

सांगत का नाही? उत्तर तुमच्या-माझ्या घरात आहे. व्हिसासाठी जर्मनीत एका बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आजच्या भावानं ते बारा लाखांच्या आसपास किंवा वरच जातात. महिन्याला त्यातून ९९२ युरो हातात येतात, आणि मोठ्या शहरात निम्मे भाड्यात जातात. ते बारा लाख कुठून आले हे लेकराला पक्कं ठाऊक असतं. वावर तारण ठेवलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तीन युरोची कॉफी घेताना त्याच्या डोक्यात तीनशेचा हिशेब होतो आणि ते पाणी पिऊन उठतं. त्यावर आपण गावभर सांगून ठेवलेलं असतं. किल्ल्यापाशी भेटलेल्याला, एसटीत शेजारी बसलेल्याला, लग्नातल्या प्रत्येक पंगतीत. अभिमान वाटतो, वाटणारच. पण त्या प्रत्येक सांगण्याचं ओझं तिकडं पोराच्या खांद्यावर चढतं. पेपर गेला तर बाबांना चौकात तोंड कसं दाखवता येईल, ही चिंता त्याला पेपरापेक्षा मोठी होऊन बसते.

कामाचंही तसंच. २०२४ च्या मार्चपासून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि २०२६ च्या जानेवारीपासून ताशी किमान मजुरी १३.९० युरो आहे. मुलं गोदामात खोकी उचलतात, हॉटेलात भांडी घासतात. तिथं प्राध्यापकाचा मुलगाही ते करतो. तुम्हाला मात्र मुलं "लायब्ररीत काम आहे" असं सांगतात, कारण तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही आपण होऊन विचारा, काम कसलं आहे, पाठ दुखते का, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी देतात का. विचारलंत की त्यांना खोटं बोलावं लागणार नाही.

घरून गेलेला शब्द किती खोल जातो, हे आपल्या महाराष्ट्रात आनंदीबाई जोश्यांइतकं कुणी सोसलं नसेल. १८८३ साली, नुकती अठराची झालेली ती मुलगी घरचं कुणी सोबत नसताना अमेरिकेला गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी राहिली, त्या बाईंनी तिला लेकीसारखं जपलं. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली. खोलीतली शेगडी धूर करायची. पेटवली तर धूर, विझवली तर थंडी. मांसाहार करायचा नाही, म्हणून स्वतः रांधायची. नऊवारीत पाय उघडे पडून गारठायचे, म्हणून तिनं लुगडं गुजराती पद्धतीनं नेसायला सुरुवात केली. आणि इकडून तिच्या नवऱ्याची, गोपाळरावांची पत्रं जायची. ज्यांनी तिला शिकवलं, ज्यांच्या हट्टामुळं ती तिथवर पोचली, त्यांच्याच पत्रांतले संशयाचे आणि टोचणीचे शब्द तिला वाचावे लागले. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, क्षयानं गेली. तिच्या दुखण्याचं कारण पत्रं होती असं मी म्हणत नाही. पण थंडी, धूर आणि उपास सोसणाऱ्या मुलीला घरच्या पत्राची भीती वाटावी, हे वाचताना मला आजही सहन होत नाही. आपण आनंदीबाईंचं नाव शाळेच्या भिंतीवर लिहितो. तिच्या पत्रपेटीत काय येत होतं तेही माय-बापांनी वाचावं.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं, पापळच्या पंजाबराव देशमुखांचं. १९२० च्या दशकात ते एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले. त्या काळी बोटीचं टपाल पोचायला आठवडे लागत. परत आले आणि अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहता, जेवता यावं म्हणून. दूरच्या ठिकाणी शिकणाऱ्या पोराला आधी निवारा आणि पंगत लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे, तिथून जाता-येता मला हे छात्रालयच आठवतं.

आणखी एक बोलायचं आहे, थोडं कडू आहे. लपवणं एकतर्फी नसतं. आजी आजारी पडते, "त्याची परीक्षा आहे, सांगू नका" असं ठरतं. आजी जाते, तेरवी होते, आणि महिन्यानं पोराला कळतं. हेतू मायेचाच असतो. पण त्या दिवशी ते लेकरू एक गोष्ट शिकतं, की आपल्या घरात वाईट बातमी सांगायची नसते. मग तेही सांगत नाही. माझं ऐका, आजीचं दुखणं त्याच दिवशी सांगा. येता येत नसेल तर आजीशी फोनवर बोलू द्या, आजीच्या कानाशी फोन धरा. पेपर पुन्हा देता येतो.

मग करायचं काय? रोजचा फोन सोडा, वेळ लेकराला ठरवू द्या. बहुतेकांना रविवार बरा पडतो, दुकानं बंद असतात आणि मुलंही घरी असतात. "जेवला का" जरूर विचारा, त्यात आपली माया आहे, पण तिथंच थांबू नका. या आठवड्यात काय जड गेलं, कुणाशी बोललास, खोलीत ऊब पुरते का, हे विचारा. उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका, मामाच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. रडली तर रडू द्या, फोन तसाच चालू राहू द्या. मन फारच खचलेलं वाटलं तर श्टुडिरेंडनवेर्क नावाच्या संस्थेचं सांगा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि खानावळी चालवणारी ही संस्था विद्यापीठांच्या शहरांत असते, तिचे समुपदेशक बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत, आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे, हे तुमच्या तोंडून ऐकलं तरच पोरं जातात. मराठी माणसं गाठ म्हणावं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, जर्मनीतही मोठ्या शहरांत आपले लोक गणपती बसवतात. भुलाबाईची गाणी येणारी एखादी वऱ्हाडी बाई तिथं भेटली, तर महिनाभराचा शीण उतरतो.

पैशाचं बोलणं मात्र जायच्या आधी, घरात बसून, कागदावर करा. कर्ज किती, हप्ता कधीपासून, एखादं सत्र वाढलं तर किती लागतील आणि ते कुठून येतील. आणि त्याच बैठकीत, बाबांनी स्वतः, सगळ्यांसमोर सांगावं की पेपर गेला तर पहिला फोन मला करायचा, मी रागावणार नाही. शिक्षण जमलंच नाही तर परत यायचं, घर तुझं आहे, कर्जाचं आपण दोघं मिळून पाहू. हे आईकडून निरोप म्हणून चालत नाही. आपल्याकडच्या पोरांना धाक असतो तो बापाचा, म्हणून शब्दही बापाचाच लागतो. विमानतळावर गर्दीत सांगू नका, आधी सांगा, आणि फेब्रुवारीच्या परीक्षा संपल्या की पुन्हा एकदा सांगा, कारण निकाल त्यानंतर लागतात.