दालनात उगवलेला सूर्य

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बँकसाइड नावाचे एक वीजनिर्मिती केंद्र होते. ते १९८१ साली बंद पडले आणि २००० साली त्याच इमारतीत ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय सुरू झाले. जेथे पूर्वी टर्बाइने फिरत, ते सुमारे १५५ मीटर लांबीचे दालन आता कलाकृतींसाठी वापरतात. ऑक्टोबर २००३ मध्ये या दालनात चक्क सूर्य उगवला! तो मार्च २००४ पर्यंत मावळला नाही, आणि वीस लाखांहून अधिक लोक तो पाहून गेले.

हा सूर्य घडविला ओलाफुर एलियासन या कलावंताने. त्याचा जन्म १९६७ साली कोपनहेगनला झाला. त्याचे आईवडील आइसलंडचे. कलाकृतीचे नाव होते ‘द वेदर प्रोजेक्ट’, म्हणजे ‘हवामान प्रकल्प’. ऊन, धुके, आकाश या निसर्गाच्या गोष्टी त्याने शहरातील एका बंद इमारतीत उभ्या केल्या. त्या कशा, ते आपण पदार्थविज्ञानाच्या मदतीने पाहू.

पहिली गंमत अशी की, सूर्य अर्धाच होता! दालनाच्या टोकाशी उंचावर एक अर्धवर्तुळाकार पडदा होता आणि त्यामागे सुमारे २०० दिवे. पडद्यामुळे प्रकाश सारखा पसरे. छताला आरसा लावलेला होता. सपाट आरशात वस्तू जितकी आरशापुढे, तितकीच प्रतिमा आरशामागे दिसते, हे तुम्ही शिकला आहातच. छताला टेकलेल्या अर्धवर्तुळाची प्रतिमा त्याच्यावर बरोबर जुळली आणि पूर्ण बिंब तयार झाले. दालनही दुप्पट उंच भासू लागले. समजा, आरसा २५ मीटर उंचीवर आहे. मग जमिनीवर उताणे पडलेल्या माणसाला आपली प्रतिमा किती अंतरावर दिसेल? ५० मीटर! एवढ्या दूरची चिमुकली प्रतिमा ओळखण्यासाठी लोक जमिनीवर पडून हातपाय हलवीत असत.

दुसरी गोष्ट धुक्याची. यंत्रांनी दालनात विरळ धुके सोडले जाई. प्रकाश डोळ्यांत शिरल्याखेरीज दिसत नाही. धुक्याचे कण तो सर्व दिशांना विखुरतात आणि हवाच उजळल्यासारखी वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे दिवे जवळजवळ एकाच तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देणारे, म्हणजे सोडियमचे होते. सोडियमच्या वर्णपटात ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर या दोन अगदी शेजारच्या रेषा ठळक असतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ‘न्यूटनची कडी’ पाहण्यासाठी हाच दिवा वापरतात. आता विचार करा. गडद निळे कापड निळा प्रकाश परत पाठवते व पिवळा शोषून घेते. पण निळा प्रकाश मुळी आलाच नाही, तर ते काय परत पाठवणार? ते काळपट दिसते. म्हणून त्या दालनात रंगीबेरंगी कपड्यांची माणसेही केवळ पिवळ्या आणि काळ्या छटांची दिसत. रंग वस्तूवर अवलंबून असतो, तसाच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावरही असतो.

एलियासनने यातले काहीच लपविले नाही. दालनाच्या टोकापर्यंत चालत गेले की दिवे, तारा आणि सांगाडा स्पष्ट दिसे. हा निसर्ग माणसाने रचलेला आहे, हे पाहणाऱ्याला कळावे, अशीच ती रचना होती.

आपल्या शहरांतील रात्रही अशीच रचलेली असते. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे उच्च दाबाचे सोडियम दिवे होते. त्यांच्या प्रकाशात इतर तरंगलांबीही थोड्या असतात, म्हणून रंग काहीसे ओळखू येतात. आता त्यांची जागा पांढरे एलईडी दिवे घेत आहेत; २०१५ साली केंद्र सरकारने त्यासाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे वीज वाचते, रंगही नीट दिसतात. पण पांढऱ्या प्रकाशात निळा भाग असतो. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात, तेव्हा विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ५८९ ला ४५० ने भागा आणि उत्तराचा चौथा घात करा: सुमारे ३! म्हणजे निळा प्रकाश पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरतो. असे दिवे वरच्या बाजूने झाकलेले नसतील, तर आकाश उजळते आणि अंधुक तारे हरवतात.

शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत स्पिरिटचा दिवा लावा. चिमट्यात धरलेल्या तारेचे टोक ओले करून मिठात बुडवा आणि ज्योतीत धरा. ज्योत पिवळी होईल. त्या उजेडात रंगीत खडूंचे रंग मित्राला ओळखायला सांगा. नंतर रात्री आपल्या रस्त्यावरचा एक दिवा निरखा: त्याचा प्रकाश जमिनीवर पडतो की आकाशातही जातो? दिव्याचे चित्र काढा आणि त्या जागेवरून किती तारे दिसले, ते त्याखाली लिहून ठेवा.