पाणबुड्या आणि स्थानसूचक बिनतारी यंत्र

1998 सालच्या जानेवारीच्या 25 तारखेची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर एक नौका हौशी पाणबुड्यांना घेऊन गेली होती. ती बंदरास परतली तेव्हा एक अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहून गेले होते. परतलेल्यांची मोजदाद चुकली होती. त्यांचे सामान नौकेवर तसेच पडून असल्याचे दोन दिवसांनी ध्यानात आले. मग मोठा शोध झाला; परंतु ती दोघे सापडली नाहीत. पुढे त्या प्रांतात मोजदादीचे नियम कडक करण्यात आले.

पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणाऱ्यास, म्हणजेच स्कूबा पद्धतीच्या पाणबुड्यास, खोल पाण्याचे भय असते हे सर्वांस ठाऊक आहे. पृष्ठभागावर सुखरूप आल्यानंतरचे भय मात्र सहसा कोणी जाणत नाही. तरंगणाऱ्या माणसाचे पाण्याबाहेर काय दिसते? नारळाएवढे डोके. पाण्यापासून 15 सेंटिमीटर उंचीवर असलेल्या त्याच्या डोळ्यांस समुद्र अगदी शांत असला तरी क्षितिज दीड किलोमीटरच्या आतच दिसते आणि लाटा असल्यास जवळची नौकाही लपते.

त्यात प्रवाहाची भर पडते. प्रवाहाचा वेग ताशी एक सागरी मैल, म्हणजे 1.85 किलोमीटर, आहे असे धरू. त्याची दिशा ठाऊक नसेल, तर एका तासानंतर शोधावयाचे क्षेत्र सुमारे 11 चौरस किलोमीटर होते. तीन तासांनंतर ते तिप्पट होईल असे वाटेल. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते नऊपट, सुमारे 97 चौरस किलोमीटर होते. सहा तासांनी 388! शोधणाऱ्यांस विलंब का परवडत नाही, हे यावरून दिसेल.

हा विलंब टाळण्यासाठी ‘पर्सनल लोकेटर बीकन’ हे यंत्र बाळगतात. ते मुठीत मावते. त्याची तार उभी करून कळ दाबली की सुमारे 50 सेकंदांच्या अंतराने अर्ध्या सेकंदाचा संदेश 406 मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशात जातो. त्याची शक्ती जेमतेम 5 वॅट. पण माथ्यावरच्या मोकळ्या आकाशातून उपग्रहास तो ऐकण्यास तेवढी पुरते. विद्युतघट निदान 24 तास टिकावा असा दंडक आहे. उपग्रहांची ही व्यवस्था, कॉस्पास-सारसॅट, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व तत्कालीन सोव्हिएत संघ यांनी 1979 मध्ये करार करून उभारण्यास घेतली. त्या काळी महासत्तांमधील वैर पाहता ही गोष्ट नवलाचीच! 1982 च्या सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघेजण तिच्यामुळे प्रथम वाचले.

आता या यंत्राची मर्यादा पाहू. खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे अशा लहरी त्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात. म्हणून पाण्याखाली हे यंत्र मुके असते. वर आल्यावरही ते हाताने पाण्याबाहेर उंच धरून तार आकाशाकडे ठेवावी लागते. दुसरी अडचण दाबाची. 30 मीटर खोलीवर वातावरणाच्या चौपट दाब असतो, आणि सामान्य यंत्रे काही थोड्या मीटरांपलीकडचा दाब सोसण्यासाठी घडवलेली नसतात. यास्तव पाणबुडे ते रबरी कड्याच्या झाकणाच्या दाबरोधक नळीत घालून नेतात. नळी पृष्ठभागावर आल्यावरच उघडावी. मात्र तत्पूर्वी यंत्राची दोरी अंगावरील पट्ट्यास बांधलेली असावी. लाटेत निसटलेले यंत्र पुन्हा हाती येणे कठीण.

तिसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. संदेश उपग्रहाकडून भूस्थानकास, तेथून शोधकेंद्रास आणि मग मदतीस निघणाऱ्या जहाजास किंवा हेलिकॉप्टरास पोचतो. यास वेळ लागतो. एवढ्यात पाणबुड्याची स्वतःची नौका कदाचित एकाच किलोमीटरवर त्याला शोधत असते, आणि तिच्यावर 406 मेगाहर्ट्झचा ग्राहक नसतो! म्हणून काही पाणबुडे जहाजांच्या स्वयंचलित ओळख-व्यवस्थेवर स्वतःचे स्थान थेट पाठविणारे निराळे यंत्र वापरतात. त्याचा आवाका काही सागरी मैलांचाच असतो, आणि आसपासच्या नौकांवर ग्राहकयंत्र असावे लागते. गजबजलेल्या किनाऱ्याजवळ हे यंत्र बरे. दूरच्या, निर्जन समुद्रात उपग्रहाचे. ज्यास परवडेल त्याने दोन्ही न्यावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट, गोवा व मालवण-तारकर्ली या ठिकाणी आता असे पाणबुडे बरेच येतात. भारतातील भूस्थानके बंगळूर व लखनौ येथे असून त्यांची व्यवस्था इस्रो पाहते. समुद्रातील शोधाची जबाबदारी तटरक्षक दलाची असून त्याची केंद्रे मुंबई, चेन्नई व अंदमान येथे आहेत. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र क्रमांक असतो. त्याची नोंद झालेली असेल, तर संदेश येताच धारक कोण व त्याच्या आप्तांस कोठे विचारावे हे कळते. नोंद नसल्यास शोधकांस समुद्रात कोणी आहे एवढेच कळते, आणि संदेश खरा की चुकून गेलेला, हे ठरविण्यातच मोलाची मिनिटे जातात.

शिट्टी, लहान आरसा आणि फुगवून उभा करता येणारा नारिंगी नळा या जुन्या वस्तू मात्र टाकून देऊ नयेत. उपग्रहाने सांगितलेल्या ठिकाणी नौका पोचली तरी शेवटचे शंभर-दोनशे मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात.