दप्तरखान्यांतील वारस

दप्तरखाना म्हटला म्हणजे जुन्या कागदांचे रुमाल आणि त्यांवर वांकलेला एखादा संशोधक आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पुण्याच्या पेशवे दप्तराचें नांव आपण ऐकलेलें असतें, व तेथें बसून अभ्यास करणें हें विद्वानांचें काम, असें आपण धरून चालतों. परंतु ज्यांच्या पूर्वजांचे बोल त्या कागदांत सांठविलेले आहेत, तेच लोक दारांत येऊन उभे राहिले तर त्यांचें स्वागत कसें करावें? अमेरिकेंतील संग्रहालयांना हा प्रश्न खरोखरीच पडला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं समजून घेण्याजोगी आहे.

कॅलिफोर्नियांत सान हुआन बाउतिस्ता येथें १७९७ सालीं स्पॅनिश धर्मोपदेशकांनीं मिशन स्थापिलें. त्या भागांतील मूळ रहिवाशांची भाषा मुत्सुन. फेलिपे आरोयो दे ला कुएस्ता नांवाच्या तेथील पाद्रीनें ती भाषा शिकून तिचें व्याकरण व वाक्यसंग्रह हीं दोन पुस्तकें लिहिलीं. तीं पुढें १८६१ व १८६२ सालीं न्यूयॉर्क येथें छापलीं गेलीं. भाषा अशी कागदावर उतरली खरी, पण ती बोलणारे लोक रोगराईनें, जमिनी गेल्यानें आणि परक्या अमलामुळें झपाट्यानें कमी होत गेले, हेंही येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

१९२९ सालापर्यंत ही भाषा अस्खलित बोलणारी एकच वृद्धा उरली होती. तिचें नांव आसेन्सिओन सोलोर्सानो. गिलरॉय या गांवीं झाडपाल्याचें औषध देणारी म्हणून तिची ख्याति होती. ती माँटेरे येथें मुलीच्या घरीं अखेरच्या दुखण्यानें अंथरुणाला खिळली असतां जॉन पीबॉडी हॅरिंग्टन हा भाषापंडित तिच्या उशाशीं बसून शब्द, औषधी व चालीरीती टिपून घेत असे. जानेवारी १९३० मध्यें तिनें देह ठेविला. ज्या मरणोन्मुख स्त्रीनें आपला श्वास खर्चून इतके शब्द सांगितले, तिनें ते कोणासाठीं सांगितले असतील बरें?

हॅरिंग्टन मोठा उद्योगी, पण तितकाच संशयी. त्यानें छापलें थोडें व दडवून ठेविलें फार. तो १९६१ सालीं वारल्यावर निरनिराळ्या ठिकाणीं ठेविलेलीं त्याचीं टिपणें एकत्र करण्यांत आलीं. शंभराहून अधिक भाषांविषयीं सुमारें दहा लक्ष पानें! आज तीं स्मिथसोनियन संस्थेच्या मानववंशशास्त्रीय दप्तरांत, मेरिलंड संस्थानांतील सूटलंड येथें आहेत. म्हणजे आजीचे शब्द खंडाच्या एका टोकाला, आणि नातवंडें दुसऱ्या टोकाला. शिवाय अक्षर दुर्बोध, मजकूर अर्धा स्पॅनिश, अर्धा इंग्रजी, आणि उच्चारांच्या खुणा पंडितांच्याच ओळखीच्या. ज्यांचा तो वारसा, त्यांनाच तो वाचतां येईना.

हें अंतर तोडण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत बर्कली येथील विद्यापीठांत ‘जीवनश्वास’ अशा अर्थाच्या इंग्रजी नांवाचे वर्ग सुरू झाले. पुढें २०११ सालीं राजधानी वॉशिंग्टन येथेंही तसा वर्ग भरला. जमातींचे लोक येत. त्यांच्या जोडीला एकेक भाषाशास्त्रज्ञ बसे. आणि दोघे मिळून जुनीं टिपणें उलगडीत. मुत्सुन लोकांपैकीं किरीना गियरी या बाईंनीं हॅरिंग्टनच्या टिपणांवरून पूर्वजांची भाषा शिकण्यास आरंभ केला. नताशा वॉर्नर व लिनिका बटलर या दोन भाषाशास्त्रज्ञांसह त्यांनीं तयार केलेला मुत्सुन शब्दकोश २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या भाषेची गणना मृत भाषांत झाली होती, तिचे शब्द पुन्हां घरांत ऐकूं येऊं लागले.

अशा अभ्यागतांचें स्वागत म्हणजे नुसतें गोड बोलणें नव्हे. २००६ सालीं ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथें मूळ रहिवासी व दप्तरांचे रक्षक यांनीं एकत्र बसून त्याविषयीं मार्गदर्शक नियम तयार केले. अमेरिकेंतील दप्तररक्षकांच्या मंडळानें त्यांस २०१८ सालीं मान्यता दिली. त्यांचें सार असें: आपल्यापाशीं काय आहे हें संग्रहालयानें त्या त्या जमातीस आपण होऊन कळवावें. कोणती वस्तु पवित्र किंवा गुप्त, हें जमातीच्या जाणत्या माणसांस विचारावें. अपमानकारक नांवें व चुकीच्या नोंदी त्यांच्या सल्ल्यानें सुधाराव्या. नकला देतांना हात आंखडूं नये. व्यवहारांतही तारतम्य हवें. वाचनालयांत मौन पाळावें हें योग्यच; पण आजीचें गाणें सांपडलें असतां नातीनें तें मोठ्यानें म्हणूं नये, असा आग्रह कोण धरील? तिच्यासाठीं वेगळी खोली उघडणें हेंच शहाणपण.

कोणी म्हणेल, ज्ञान सर्वांस मोकळें असावें. मग कांहीं कागद झांकून कां ठेवावे? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु वैद्यानें ऐकलेली रोग्याची गोष्ट तो चवाठ्यावर सांगत नाहीं. कारण ती विश्वासानें सांगितलेली असते. दप्तरांतील पुष्कळशीं टिपणें अशाच विश्वासाचीं आहेत, आणि कांहीं तर तो विश्वास न राखतांच घेतलेलीं आहेत. त्यांचा वापर कसा व्हावा हें सांगण्याचा पहिला हक्क वारसांचा. या देवघेवींत संग्रहालयाचें नुकसानही नाहीं. ज्या छायाचित्राखालीं केवळ ‘एक स्त्री’ असें लिहिलेलें असतें, तिचें नांव तिच्या घरचें माणूसच सांगूं शकतें.

विद्यार्थिमित्रहो, जात्यावरच्या ओव्या, औषधी पाल्यांचीं नांवें, गांवच्या जुन्या गोष्टी आपल्याही आजींच्या ओठांवर आहेत. त्या वहींत उतरून घ्या. पण वहीच्या पहिल्या पानावर सांगणारीचें नांव लिहा, आणि लिहून झाल्यावर ती वही प्रथम तिलाच वाचून दाखवा.