होडीत बसण्याआधी फोन आणि रेडिओ



बीडला समुद्र नाही, पण सिंदफणेवरचं माजलगाव धरण आहे, मांजरा धरण आहे. सुट्टीत तिकडे गेलं की मुलं होडीत बसायचा हट्ट धरतात. म्हणून हा छोटा पाठ.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी भीमेवरच्या उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. समुद्रातल्या बोटी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर मदत मागतात. धरणातल्या साध्या होडीत ही सोय नसते. त्यामुळे सावधगिरी काठावरच घ्यायची.

मुलांना या सवयी लावा :

१. निघण्याआधी 'दामिनी' ॲप बघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं.

२. इंटरनेट नसेल तर रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्या आणि हवामान ऐका.

३. लाइफ जॅकेट अंगात, फोन वॉटरप्रूफ पिशवीत.

४. काठावरच्या माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा. उशीर झाला तर त्याने ११२ ला फोन करावा.

उन्हाळ्यात दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नसतो. आभाळ भरून आलं, तर ॲप काहीही सांगो, होडीत बसू नका. मुलं रुसतील, रुसू द्या.