थिबा राजवाडा : राजाचा वाडा की कैद्याचा?

रत्नागिरीची सहल ठरली की यादीत थिबा राजवाडा असतोच. मुलं रांगेनं आत जातात, मूर्ती-फर्निचर बघतात, फोटो काढतात. परत आल्यावर वहीत एकच ओळ येते, 'आम्ही राजाचा वाडा पाहिला.' पण हा वाडा राजानं बांधलाच नाही. इंग्रज सरकारनं आपल्या कैद्यासाठी तो बांधला. एवढं आधी वर्गात सांगितलं, तर मुलं वाडा वेगळ्याच नजरेनं बघतात.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले. भांडणाला निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन (नावात आपली मुंबई आहे बरं का!) तिथल्या जंगलातून सागवान काढायची. ओंडक्यांचे पैसे बुडवले म्हणून राजाच्या दरबारानं कंपनीला मोठा दंड केला. राजाची फ्रेंचांशी वाढती जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा चालून गेल्या आणि दोनेक आठवड्यांत सगळं आटोपलं. राजा, राणी सुपयालत आणि लहानग्या मुलींना आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं.

रत्नागिरीच का? तेव्हा इथं रेल्वे नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कुठली?

आता मुलांना एक वजाबाकी घालायची. राजा आला १८८६ साली, वाड्यात राहायला गेला १९१० साली. म्हणजे २४ वर्षं तो साध्या बंगल्यांत राहिला. पेन्शन पुरेना, तेव्हा जवळची माणकं विकून घर चालवलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. म्हणजे ज्याला आपण त्याचा वाडा म्हणतो, तिथं तो जेमतेम सहा वर्षं राहिला. बहुतेक मुलांना हे उत्तर खरंच वाटत नाही, पुन्हा वजाबाकी करून बघतात.

इथंच लोकमान्य टिळकांचा धडा जोडून घ्यावा. टिळक जन्मले रत्नागिरीत आणि १९०८ ते १९१४ त्यांना कैदेत ठेवलं मंडालेत. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, तेही एकाच वेळी! नकाशावर दोन बाण काढायला लावा. वरच्या वर्गात तिसरा बाणही काढता येईल, दिल्लीहून रंगूनला पाठवलेल्या बहादूरशहा जफरचा.

१९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. राजाची ही नात इथंच वाढली, मराठीच बोलायची आणि गरिबीतच जगली. पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेख सापडणार नाही, पण मुलं सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच विचारतात. पालकांनीही घरी टाळाटाळ न करता उत्तरं द्यावीत.

आज वाड्यात राज्य शासनाचं संग्रहालय आहे. तिथं गेल्यावर मुलांना दोन याद्या करायला सांगाव्यात : थिबाच्या वापरातल्या वस्तू कोणत्या आणि कोकणातून गोळा केलेल्या कोणत्या. राजाची समाधी वाड्यात नाही, शहरातच शिवाजीनगर भागात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथं येऊन गेले. सहलीच्या बसला तिथं दहा मिनिटं थांबायला सांगा.